वीज धरते की हात धरतो?

‘तारेला हात लागला आणि विजेने त्याला धरूनच ठेवले,’ असे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले असते. कोणी म्हणतो, वीज ओढून घेते. कोणी म्हणतो, वीज चिकटवून टाकते. आजीच्या गोष्टीतली हडळ जशी पिंपळाखालून जाणाऱ्याला धरते, तशीच ही भिंतीतली वीज माणसाला धरते, अशी समजूत घरोघर आहे. चांगली शिकलीसवरलेली माणसेही ती बोलून दाखवितात. त्यांना हसण्याचे कारण नाही, कारण पाहणाऱ्याला दिसते तेही तसेच. माणूस सुटण्यासाठी धडपडत असतो, आणि हात मात्र तारेला घट्ट धरून असतो!

परंतु वाचकहो, वीज कोणाला धरीत नाही. तिला हात नाहीत, बोटे नाहीत आणि डिंकही नाही. धरतो तो आपलाच हात, आपल्याच स्नायूंच्या बळाने, आणि तोही धन्याचा हुकूम धाब्यावर बसवून. हा हात असा बंड करून का उठतो, याचे उत्तर एका लहानशा आकड्यात आहे. तो आकडा म्हणजे ५०. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, हे विजेच्या मीटरवर किंवा मिक्सरच्या पाठीवर लिहिलेले असते आणि ते आपण कधीच वाचीत नाही. दिवाळीच्या दिवसांत घरोघर तारा बाहेर निघतात, माळा लागतात, आकाशकंदील चढतात. तेव्हा या आकड्याची ओळख करून घ्यायला याहून चांगला मुहूर्त कोणता? एरवी या सदराला पानभर जागा मिळते. दिवाळी अंकात संपादकांनी हात जरा सैल सोडला आहे, त्याचाही लाभ घेऊ.

आधी स्नायूची ओळख. स्नायूला विजेचा एक क्षणिक झटका दिला की तो एकदा आखडतो आणि पुन्हा सैल पडतो. इटलीतील बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायावर हे पाहिले आणि १७९१ साली जगाला सांगितले. झटका थोडा वाढविला तर स्नायूतले अधिक तंतू कामाला लागतात आणि आकुंचन थोडे वाढते. पण सगळे तंतू एकदा कामाला लागले, की पुढे झटका कितीही मोठा करा, स्नायू त्याहून जास्त आखडत नाही. मोठ्याने ओरडल्याने नोकर एका मर्यादेपलीकडे जोरात धावत नाही, तसेच हे. मग स्नायूकडून जास्त काम करून घ्यावयाचे कसे? झटका मोठा करून नव्हे, तर झटके भराभर देऊन. एवढे एक वाक्य ध्यानात ठेवले तर आजच्या सदराचे निम्मे काम झाले.

हे प्रत्यक्ष पाहण्याची सोय मराठवाड्यात १९५६ साली झाली. त्या वर्षी औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण या महाविद्यालयाच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा आजही ‘घाटी’ म्हणूनच ओळखतो. वैद्यकीय महाविद्यालयातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी माणसाकडे वळण्याआधी बेडकाकडे वळत असे. बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसकट काढावयाचा, त्याला एक हलकी तरफ बांधावयाची, आणि तरफेचे टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकवावयाचे. हा कागद एका नळकांड्यावर गुंडाळलेला असे आणि नळकांडे यंत्राने गरगर फिरे. स्नायू आखडला की तरफ वर उचलली जाई आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ उमटे. या यंत्राला कायमोग्राफ म्हणत. काजळीने काळी झालेली बोटे ही त्या विद्यार्थ्याची ओळखच असे. आता बेडकांची सुटका झाली आहे, आणि हाच प्रयोग बहुधा संगणकाच्या पडद्यावर दाखविला जातो. रेघ मात्र तीच आहे.

ती रेघ आपणही वाचून पाहू. एक झटका दिल्यावर बेडकाचा स्नायू सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका वेळ काहीच करीत नाही. जणू विचार करतो. मग चार शतांश सेकंद तो आखडत जातो आणि पुढचे पाच शतांश सेकंद सैल होत जातो. एकूण हिशेब झाला दहा शतांश, म्हणजे एक दशांश सेकंदाचा.

आता गणित सोपे आहे. सेकंदाला पाच झटके दिले, तर प्रत्येक झटक्यानंतर स्नायूला पुरते सैल व्हायला वेळ मिळतो आणि कागदावर पाच सुटे डोंगर उमटतात. दहाच्या पुढे गेलो, की दुसरा झटका पहिल्याच्या उतारावरच येऊन ठेपतो. स्नायू पुरता सैल होण्याआधी पुन्हा आखडतो, डोंगर एकमेकांत मिसळतात आणि शिखरे उंच होऊ लागतात. याला अर्धवट ताठरपणा म्हणा. हात थरथरावा तशी ती रेघ दिसते. वीसच्याही पुढे गेलो, की पुढचा झटका चढावरच येऊन पोहोचतो. आता सैल पडायला फुरसतच उरत नाही. सेकंदाला पंचवीसतीस झटक्यांच्या सुमारास डोंगर नाहीसे होतात, आणि उरते एक सरळ, उंच, सपाट रेघ. स्नायू आखडतो तो आखडूनच राहतो. नवल असे, की या सपाट रेघेची उंची एकट्या झटक्याच्या डोंगराच्या तिप्पटचौपट भरते. झटका तोच, स्नायू तोच. बदलला तो केवळ सेकंदाचा हिशेब.

हे असे का व्हावे, हे समजण्यासाठी घाटीच्याच परिसरातल्या पाणचक्कीकडे जाऊ. बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली ही जुनी चक्की. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी तेथवर आणलेले आहे, आणि त्या पाण्याच्या जोरावर एके काळी तेथे यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. कल्पना करा, की त्या चक्कीच्या पात्यांवर कोणी तांब्यातांब्याने पाणी ओतीत आहे. एक तांब्या ओतला की चाक थोडे हलेल आणि थांबेल. दुसरा तांब्या उशिरा आला तर पुन्हा तेच. पण तांब्यामागून तांब्या असा आला, की आधीच्याचा जोर ओसरण्यापूर्वी पुढच्याचा मिळावा, तर चाक थांबणारच नाही. शिवाय एका तांब्याने कधी आला नसता इतका वेग त्याला येईल. तांब्या मोठा झाला नाही, तांब्यांमधले अंतर कमी झाले.

स्नायूतले पाणी म्हणजे कॅल्शियम. हाडांसाठी म्हणून आपण ज्याच्या गोळ्या घेतो, तेच. स्नायूच्या प्रत्येक तंतूत कॅल्शियमच्या बारीक कोठ्या असतात. मज्जातंतूचा निरोप आला की कोठीचे दार उघडते, कॅल्शियम बाहेर पडते आणि आखडण्याचे काम सुरू होते. लगेच त्याला परत कोठीत भरण्याची धांदल चालू होते. ते आत गेले की स्नायू सैल. आखडणे म्हणजे तरी काय, तर दोन जातींचे सूक्ष्म धागे एकमेकांवर सरकणे. हे १९५४ साली दोन निरनिराळ्या ठिकाणच्या संशोधकांनी एकाच वेळी प्रसिद्ध केले, आणि योगायोग असा की दोन्ही ठिकाणी हक्सली आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ होता. निरोप सावकाश आले तर कॅल्शियम दर खेपेस कोठीत परत जाते. निरोपांची रीघ लागली तर ते बाहेरच राहते, धागे सैल होत नाहीत, स्नायूच्या टोकांचे लवचीक कंडरेही ताणलेलेच राहतात, आणि सगळा जोर पुरेपूर बाहेर पडतो.

या अखंड ताठरपणाला शरीरशास्त्रात ‘टेटनस’ म्हणतात. हे नाव वाचून गृहिणींना खिळा, गंज आणि इंजेक्शन आठवले असेल, आणि ते बरोबरच आहे. धनुर्वाताला डॉक्टर टेटनस म्हणतात ते याच कारणाने. त्या रोगाच्या जंतूंचे विष पाठीच्या कण्यातले लगाम तोडून टाकते. स्नायूंना ‘आता थांबा’ म्हणणारा आवाजच बंद पडतो, निरोपांचा भडिमार होतो, जबडा मिटतो आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. एके काळी अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यामुळे कितीतरी कोवळे जीव या रोगाने गेले. लसीने आणि स्वच्छ बाळंतपणाने बाळंतिणीचा व अर्भकाचा धनुर्वात भारतात इतका मागे हटला, की २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले.

मग रोज चालताना, भाकरी थापताना, पेटी वाजवताना आपले स्नायू काय करतात? मज्जातंतूंचे निरोप तेव्हा सेकंदाला साधारण आठदहापासून तीसपर्यंत येतात. म्हणजे एकटा तंतू पाहिला तर तो थरथरतच असेल. पण शरीर मोठे हुशार आहे. ते सगळ्या तंतूंना एकदम निरोप पाठवीत नाही, पाळीपाळीने पाठविते. एक गट सैल पडतो तेव्हा दुसरा आखडलेला असतो. दिंडीतल्या सगळ्या वारकऱ्यांनी एकाच क्षणी श्वास घेतला तर अभंग तुटेल. ते आपापल्या सोयीने घेतात म्हणून तो अखंड ऐकू येतो.

या थरथरीचा आवाज आपण घरीच ऐकू शकता, आणि त्याला विजेची गरज नाही. रात्री सामसूम झाली की दोन्ही अंगठे कानांत हलकेच घाला, कोपरे वर उचला आणि मुठी घट्ट आवळा. दूरवरून एखादी जड गाडी जात असावी अशी गुरगुर ऐकू येईल. मूठ सैल करा, गुरगुर कमी होईल. इंग्रज शास्त्रज्ञ वोलॅस्टन यांनी १८१० साली ही गुरगुर मोजण्याचा प्रयत्न केला आणि ती सेकंदाला वीसतीसच्या घरात असल्याचा अंदाज केला. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. परीक्षेत मात्र तो येत नाही.

आता पुन्हा तारेकडे वळू. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, आणि प्रत्येक आवर्तनात ती एकदा इकडे व एकदा तिकडे जाते. हा आकडा गेल्या शतकाच्या आधी अभियंत्यांनी दिवे, मोटारी आणि विद्युतजनित्रे यांच्या सोयीसाठी ठरविला. स्नायूंचा विचार त्यात नव्हता. पण दुर्दैव असे, की स्नायूंना ताठ करून टाकण्यासाठी जे प्रमाण लागते, नेमके त्यातच तो जाऊन बसला. हातातून असा प्रवाह गेला की मनगटापासून कोपरापर्यंतचे सगळे स्नायू एकदम आखडतात. त्यांत बोटे मिटणारे स्नायू बोटे उघडणाऱ्यांपेक्षा बलवान असतात. दोघांची ओढाताण होते आणि बलवानाचा जय होतो. मूठ मिटते आणि तारेभोवतीच मिटते. मेंदू ओरडत असतो, ‘सोड, सोड!’ पण त्याचे निरोप त्या गर्दीत पोहोचणार कसे? कधी माणूस दूर फेकला जातो, तेही विजेने फेकले म्हणून नव्हे; पाठीचे आणि मांड्यांचे दांडगे स्नायू एकदम आखडले म्हणून.

ही मूठ किती विजेने मिटते? अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चार्ल्स डॅलझील यांनी १९४० च्या दशकात स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर जपून हे मोजले. पुरुषांच्या हाताला तार सोडता येण्याची सीमा सरासरी १६ मिलिअँपियर निघाली, आणि स्त्रियांची साडेदहा. मुलांची याहूनही कमी धरावी. हे आकडे केवढे लहान आहेत ते पाहा. रात्री लावावयाचा जुना पंधरा वॅटचा मिणमिणता बल्ब सुमारे ६५ मिलिअँपियर प्रवाह घेतो. त्याच्या पावपट प्रवाह माणसाची मूठ बंद करावयास पुरेसा आहे!

आता कोरड्या आणि ओल्या हाताचा फरक पाहा. कोरडी कातडी विजेला चांगलीच अडविते. तिचा अडथळा एक लाख ओहमपर्यंत जाऊ शकतो, आणि २३० व्होल्टला प्रवाह जेमतेम अडीच मिलिअँपियरच्या आत राहतो. हात ओला झाला की हाच अडथळा हजार ओहमपर्यंत उतरू शकतो, आणि प्रवाह २३० मिलिअँपियरवर जातो. शिवाय मूठ मिटलेली असताना तळव्याला घाम सुटतो, पकड घट्ट होते आणि अडथळा आणखी उतरतो. म्हणून पहिल्या सेकंदाला जे सुटण्यासारखे असते, ते पाचव्या सेकंदाला राहत नाही.

हृदयाचे काय, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात आला असेल. हृदय हाही स्नायूच. मग तोही ताठ होऊन बसतो काय? येथे निसर्गाने मोठी दूरदृष्टी दाखविली आहे. हृदयाचा स्नायू एकदा आखडला की सुमारे पाव सेकंद दुसरा निरोप ऐकूनच घेत नाही. दार बंद करून तो आपले काम पुरे करतो आणि मगच पुन्हा दार उघडतो. त्यामुळे हृदयाला टेटनस होत नाही. तसे झाले असते तर रक्त भरून घ्यायला त्याला सैल पडताच आले नसते. पण भिंतीतल्या विजेचा मारा छातीतून गेला तर दुसरेच संकट ओढवते. हृदयाचे तंतू आपली एकी सोडून ज्याला वाटेल तेव्हा आखडू लागतात. घरातली सगळी माणसे एकदम बोलू लागली तर जसे कोणाचेच ऐकू येत नाही, तसे होते. हृदय नुसते थरथरते आणि रक्त पुढे जात नाही. शॉकने मृत्यू येतो तो बहुधा असा, किंवा छातीचे स्नायू आखडून श्वास अडकल्याने.

उलट, आवर्तने फारच वाढविली तर गंमत होते. फ्रान्सचे दार्सोंव्हाल यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले, की सेकंदाला अनेक हजार आवर्तनांच्या पुढे स्नायू विजेला दाद देईनासा होतो. प्रत्येक धक्का इतका क्षणिक असतो, की मज्जातंतूला तो कळतच नाही. आज शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तवाहिन्या बंद करण्यासाठी डॉक्टर सेकंदाला लक्षावधी आवर्तनांची वीज वापरतात. ऊती भाजते, पण रोग्याचा स्नायू तारेला हात लागल्यासारखा आखडत नाही.

जो आकडा मूठ बंद करतो तोच दुबळ्या स्नायूला कामाला लावतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचार शिकविणारी शाळा निघाली. पोलिओच्या त्या दिवसांत या विद्येची मोठी निकड होती. आता गावोगाव फिजिओथेरपिस्ट आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू झोपी गेला असेल, तर त्याला ते सेकंदाला पन्नासच्या आसपास अगदी सौम्य आणि क्षणिक झटके देतात, आणि मधूनमधून विश्रांती देतात, कारण सतत ताणून धरलेला स्नायू लवकर थकतो. पण मज्जातंतूच तुटलेला असेल तर हे भराभर झटके व्यर्थ जातात. त्या स्नायूला लांबट, सावकाश, एकेकटा झटकाच कळतो. रोग्याला ‘माझ्यावर मशीन हळू का चालवतात?’ असे वाटते, त्याचे उत्तर यात आहे. म्हणून जाहिरात पाहून पोट कमी करणारा विजेचा पट्टा मागविण्यापूर्वी तज्ज्ञाला विचारावे. स्नायू हलला म्हणजे चरबी वितळली असे होत नाही; आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविला आहे त्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून अशा यंत्राच्या वाऱ्यासही उभे राहू नये.

आता दिवाळीचे चार शब्द. पूर्वी अभ्यंगस्नानाचे पाणी बंबात तापे. आता गीझर आहे, आणि कित्येक घरी बादलीत सोडण्याची सळई आहे. सळई चालू असताना पाण्यात बोट घालून ‘तापले का’ म्हणून पाहू नये. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पाण्याला हात. अंगणात सडा घालून झाल्यावर ओल्या पायांनी माळेचा प्लग लावू नये. गेल्या वर्षीच्या माळेची तार उंदराने कुरतडली असेल तर दहा रुपयांच्या चिकटपट्टीवर मुलांचा जीव टांगू नये. माळ टाकून द्यावी. विजेच्या पेटीत ३० मिलिअँपियरला तुटणारा संरक्षक स्विच बसवून घ्यावा. गळती होताच तो सेकंदाच्या लहानशा अंशात प्रवाह तोडतो, मुठीला घट्ट व्हायला वेळच देत नाही. त्याच्या अंगावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

आणि तसा प्रसंग आलाच, तर धावत जाऊन माणसाला हाताने ओढू नये. त्याच्या अंगातून वाहणारी वीज आपलीही मूठ मिटवील, आणि एकाच्या जागी दोघे अडकतील. पहिले काम मुख्य स्विच बंद करण्याचे. तो सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून, कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने तार दूर करावी. प्रवाह तुटला की मूठ आपोआप सुटते. मग १०८ ला फोन करावा, आणि श्वास चालत नसेल तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यावर जोराने, भराभर, थांबू न देता दाब देत राहावे. माणूस उठून बसला तरी त्याला एकदा डॉक्टरांना दाखवावे.

मुख्य स्विच कोठे आहे, हे घरातल्या किती जणांना ठाऊक आहे? पुष्कळ घरांत ते एकट्या वडिलांना ठाऊक असते, आणि वडील त्या वेळी कचेरीत असतात. तेव्हा वसुबारसेच्या संध्याकाळी घरातल्या सर्वांना, आजीपासून धाकट्या बाळूपर्यंत, त्या पेटीसमोर उभे करावे आणि स्विच कसा बंद करावयाचा ते दाखवावे. पाच मिनिटांचे काम आहे. ते झाले की खुशाल माळा लावाव्या.